आष्टीच्या पुढचा पासवर्ड

दूध संघाच्या जामखेडच्या ऑफिसात हिशेबाचं नवं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा दर पंचेचाळीस दिवसांनी पासवर्ड बदलायचा नियम सोपान साळवे यांना मनापासून पटला. मुदतीच्या आदल्या दिवशीच ते नवा पासवर्ड घालून मोकळे होत. शेजारच्या टेबलावरचे गोरक्षनाथ मात्र दर वेळी अडकत. जुना चालायचा नाही, नवा आठवायचा नाही. शेवटी त्यांनीच तोड काढली. कागदपत्रं घेऊन ते वीस वर्षं एसटीने नगरला जात होते. त्या रस्त्यावरची गावं ओळीने घ्यायची आणि पुढे जामखेडपासूनचे किलोमीटर लावायचे.

मग त्यांच्या किडन्या गेल्या. डायलिसिससाठी ते नगरला मुलाकडे, अंगदकडे राहायला गेले. जाताना त्यांनी सोपानरावांना आपला पासवर्ड सांगितला. हे नियमात बसत नव्हतं आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. पण मुदत चुकली की लॉगिन बंद पडणार, ते उघडायला वरची मंजुरी लागणार आणि आजारी माणसाला घरी बसवायला तेवढंच निमित्त पुरणार, ही त्यांची धास्ती होती.

"माझं नाव तेवढं चालू ठिव, सोपान. मी येनार हाय."

एकतीस वर्षांत एकही मेमो न घेतलेल्या सोपानरावांनी मान डोलावली. त्या नावाने त्यांनी कधी एकही नोंद केली नाही. उघडायचं, पासवर्ड बदलायचा, बंद करायचं. गोरक्षनाथ परत यायचे होते, म्हणून गावं त्यांनी नगरकडून धरली. पहिलं चिचोंडी.

"कुठवर आलो?" गोरक्षनाथ फोनवर विचारत.

"धानोरा."

"लई हळू चाललीय गाडी. कंडक्टर कोन हाय?"

"मीच आहे. गप बसून राहा."

पुढच्या गावाला, कड्याला, गोरक्षनाथांचा आवाज बारीक झाला. आष्टीच्या वेळी फोन अंगदने धरला होता आणि पलीकडून नुसता हुंकार आला.

त्यानंतर महिन्याभरात गोरक्षनाथ गेले. माती देऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी सोपानरावांनी त्यांचं लॉगिन बंद करण्याचा अर्ज लिहिला आणि खणात ठेवला. रोज खण उघडायचा, अर्ज दिसायचा, खण लावायचा. असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी मुदत संपत होती. त्यांनी अर्ज काढला, वाचला, बाजूला ठेवला. मग गोरक्षनाथांचं नाव उघडून नवा पासवर्ड घातला. जामखेड, पुढे शून्य. बंद केलं आणि उठून अर्ज देऊन आले.

महिनाअखेरच्या तपासणीत ते सापडलं. मयत माणसाने पासवर्ड बदलला होता. मॅनेजर अजिनाथ मुलाच्या वयाचा. त्याने मान खाली घालूनच मेमो दिला. सोपानरावांनी खुलासा लिहिला: गोरक्षनाथ यांना जामखेडपर्यंत आणायचे राहिले होते, म्हणून मी पासवर्ड बदलला.

अजिनाथने तो दोनदा वाचला.

"काका, हे वर पाठवता येणार नाही. नजरचुकीने झालं असं लिहा. पुढचं मी बघतो."

सोपानरावांनी कोरा कागद घेतला, पट्टीने समास आखला. एवढ्या नोकरीत त्यांच्या हातून नजरचूक म्हणून झाली नव्हती. त्यांनी तो शब्द वळणदार अक्षरात लिहिला, खाली सही केली आणि सवयीप्रमाणे तारीख दोनदा तपासून पाहिली.