हिरवा दिवा

दवाखान्यात बिडी सोडवण्याचं काम माझ्याकडे आलं ते एका छोट्या यंत्रासकट. श्वास रोखायचा आणि नळीत हळूहळू सोडायचा. अंगात धूर भरपूर भिनला असेल तर लाल दिवा, थोडा असेल तर पिवळा, नसेल तर हिरवा. खरं सांगते, बिडी सुटण्यापेक्षा चोरी पकडण्यातच मला जास्त मजा यायची.

हट्टा गावचे एक पेशंट बायकोसोबत दाखल झाले; सगळे त्यांना मामा-मामी म्हणत. मामांच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडला होता. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, बिडी सुटली तर अंगठ्यावर भागेल, नाहीतर पाय जाईल. पहिल्याच दिवशी मामा मूठभर बडीशेप चावत आले. त्यांना वाटलं, यंत्र तोंडाचा वास घेतं. दिवा लालभडक!

"बडीशेपेला फसायला यंत्र म्हणजे काय मामी आहे?" मी म्हटलं.

"मामी बी कवा फसली न्हाई," मागून मामी म्हणाल्या आणि उशीखालचं बंडल आणून माझ्या टेबलावर आपटलं.

मग दिवा पिवळा झाला आणि पुढे सलग तीन दिवस हिरवा. चौथ्या दिवशी पुन्हा पिवळा. लगेच पुढच्या दिवशी डॉक्टर पायाचा निर्णय घेणार होते. माझं डोकं फिरलं.

"कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच!" मी अख्ख्या वॉर्डासमोर म्हणाले.

"न्हाई ओढली, बाई. पोरीची शपथ. पाय जायला आलाय, खोटं काहून बोलू?" मामांचे डोळे भरून आले. मी ढिम्म. असल्या शपथा मी रोज ऐकत होते.

तेवढ्यात मामी आल्या, हाताला पीठ तसंच. "यंत्र घ्या अन् चला माझ्यासंगं."

दवाखान्यामागे नातेवाइकांच्या तीन दगडांच्या चुली. मामींच्या तव्यावर भाकर अर्धीकच्ची होती.

"तलफ आली की हे लंगडत इथं येऊन बसतेत अन् फुंकणी घेतेत. तोंडाला कायतरी पायजे म्हनं. कालपासून सरपण ओलं, धूर बघा किती. आता मला यंत्रात फुंकू द्या."

जन्मात बिडीला हात न लावलेल्या मामींनी फुंकलं. दिवा लाल.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत जाऊन मी त्याच वॉर्डासमोर कान पकडले. सगळ्यात जास्त मामाच हसले. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि थांबायचं ठरवलं. चूल बंद झाली, दोघं दवाखान्याची अळणी खिचडी नाकं मुरडत खाऊ लागले. शेवटी अंगठा गेला, पाय राहिला.

घरी जायच्या दिवशी दोघांनी फुंकलं. दोघांचाही हिरवा. मामी आपल्या दिव्याकडे बघतच राहिल्या.

"घरी गेले की परत लाल. बिडी असती तर सोडली असती, बाई. मी काय सोडू?"

मामा चाचरत म्हणाले, "गॅसची टाकी हाय की घरी."

"हाय. सालभर रिकामी. तुमालाच चुलीची भाकर गोड लागती न्हवं?" मामींनी त्यांच्या हातात काठी दिली. "पाय वाचला ना तुमचा? मंग चालवा त्याला. पहिले टाकी भरून आणू, मंग घर."