गोंद न लावलेली माशी

टोपीवाल्याची टोपी माझ्या आत्याने गळाने उडवली हे खरं आहे. मुद्दाम उडवली हे खोटं आहे. मुद्दाम उडवायला नेम लागतो, आणि त्या वर्षी तिचा नेम कशावरच लागत नव्हता.

आधी आत्या कोण ते सांगते. आत्या रंगाच्या ब्रशच्या कारखान्यात केस बांधते. तीस वर्षं. चिमूटभर केस घ्यायचे, टोकं जुळवायची, दोऱ्याने आवळायचे, बूड गोंदात बुडवायचं आणि पत्र्याच्या नळीत ठोकायचं. तिच्या बोटांना डोळे आहेत. मला तिनेच वाढवलं. मी नववीत शाळा सोडली तेव्हा बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. आत्या एवढंच म्हणाली, "सोडलीस ना? मग आता तोंड पाडून बसू नकोस. भांडी घास." तिच्याबद्दल कोणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं. पुढे कोणी म्हणायला नको की मी एकाच बाजूने लिहिलंय. लिहिलंयच.

कारखान्याची बस रोज पुलावरून जाते. पुलाच्या खालच्या अंगाला नदी सगळ्यांची. गांडूळ लावा, पाव लावा, कोणी विचारत नाही. वरच्या अंगाला पाणी काचेसारखं, आणि तिथे मासेमारीच्या क्लबचं कार्ड लागतं. तिथे फक्त फ्लाय फिशिंग. म्हणजे गळाला पिसं नाहीतर केस बांधून खोटी माशी करायची, लांब दोर डोक्यावरून मागे-पुढे झुलवायचा आणि ती माशी अलगद पाण्यावर ठेवायची. मासा फसला तर पकडायचा आणि सोडून द्यायचा. तीस वर्षं आत्या बसच्या खिडकीतून त्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसांना बघत होती. एक दिवस जेवताना म्हणाली, "मला तिथे उभं राहायचंय."

बाबा म्हणाले, "ताई, सोडूनच द्यायचा तर मासा पकडायचा कशाला?"

"तू लोकांची चाकं काढतोस आणि परत लावतोस. मी विचारते का कशाला?"

बाबांचं पंक्चरचं दुकान आहे. त्यांनी आणखी एक भाकरी ताटात घेतली.

कार्डासाठी वर्षातून एकदाच परीक्षा असते. पाण्यावर एक रिंग तरंगत ठेवतात. वीस पावलांवरून तीन वेळा फेकायचं. एकदा तरी माशी रिंगमध्ये पडली पाहिजे आणि परीक्षक दहा मोजेपर्यंत तरंगली पाहिजे. तीनदा नापास झालात की संपलं, परत कधी बसायचं नाही.

पहिल्या वर्षी आम्हाला काही म्हणजे काही कळत नव्हतं. काठी भंगारातून आणली होती. तिचं टोक मोडलेलं, बाबांनी छत्रीची काडी बसवली. तिला साधी तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक दोरा, बांधली. आत्याने जीव खाऊन फेकलं आणि माशी तिच्याच पायाशी पडली. तीनदा. रांगेतला एकजण म्हणाला, "बाई, काठी चांगली आहे हो, कपडे वाळत घाला." मी त्याच्याकडे निघाले होते, बाबांनी माझी वेणी धरून ठेवली.

मग कळलं की वजन दोराला असतं, गळाला नसतं. तसला दोर नवा घेणं आपल्या बापाच्याने शक्य नव्हतं. कोणीतरी फेकलेला, तडे गेलेला दोर बाबांनी मिळवला आणि मेण घासून घासून मऊ केला. दर रविवारी सकाळी दुकानासमोर ट्रकची ट्यूब ठेवायची, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधायचा आणि आत्या फेकायची. मी पार्सलच्या गोदामात कामाला लागले होते, पण रविवारी ट्यूबपाशी हजर. बाबा स्टुलावर बसून ओरडायचे, "घाई करू नकोस! मागे दोर सरळ होऊ दे, मग पुढे आण!" त्यांना स्वतःला एकदाही जमलं नाही. मला जमलं, पण कानावर दोन वळ उठल्यावर.

दुसऱ्या वर्षी टोपी उडाली. टोपीवाला म्हणजे क्लबचा सेक्रेटरी, तोच परीक्षक. टोपीला विकतच्या सात माश्या टोचलेल्या. आठवी आत्याची लागली आणि टोपी पाण्यात. तो लाल झाला. "पुढच्या वर्षी शेवटची संधी आहे, बाई. हे सगळ्यांनाच जमत नसतं. आलाच नाहीत तर तुमचाच रविवार वाचेल."

"रविवार माझा आहे ना साहेब? मग मी बघते," आत्या म्हणाली.

तिसऱ्या वर्षी ती ट्यूबमध्ये डोळे मिटून टाकायची. आम्ही ताठ मानेने गेलो. पहिली फेक, थेट रिंगमध्ये. मी उडीच मारली. टोपीवाला मोजायला लागला, एक, दोन, आणि माशी दगडासारखी खाली गेली. दुसरी फेक, परत रिंगमध्ये, परत तळाला.

आत्याने माशी हातात घेऊन दाबून बघितली. मग माझ्याकडे बघितलं. "गोंद," ती म्हणाली.

तिने सगळ्या माश्या ब्रशसारख्याच बांधल्या होत्या. बूड गोंदात बुडवून, वरून अजून एक हात मारून, म्हणून त्या जड झाल्या होत्या. कारखान्यात गोंद कमी पडलेला ब्रश तोंडावर परत येतो. लोकर आम्ही जमिनीवर फेकत होतो, ती कुठे बुडणार होती?

टोपीवाला म्हणाला, "तिकडे आमच्या टेबलावर विकत मिळतात."

"थांबा जरा," आत्या म्हणाली आणि काठावरच्या दगडावर बसली. "अगं, बदकाचं पीस बघ. शेपटीजवळचं, तेलकट."

मी चिखलात हात घातले. बदकं तिथे रोज बसतात. दोन पिसं मिळाली. आत्याने पर्समधून दोरा काढला, दाताने तोडला, रिकामा गळ बोटांत धरला आणि बांधायला लागली. मागची रांग कुरकुरत होती. बांधताना तिचे हात स्थिर होते. नुसती गाठ, गोंद नाही.

"असा माल माझ्यासमोर आला असता तर मी फेकून मारला असता," ती पुटपुटली.

"मग फेक की," बाबा म्हणाले.

तिने परत पाण्यात शिरून फेकलं. माशी रिंगच्या मधोमध बसली, हवेतून पीस उतरावं तशी. टोपीवाला मोजायला लागला, आणि एवढं सावकाश मोजायला लागला की मी आणि बाबा मोठ्याने मोजायला लागलो. सहा! सात! आठ! नऊ!

पाणी फुटलं. एक मासा खालून आला आणि माशी घेऊन गेला.

काठी वाकली, एक हिसका बसला आणि मासा सुटला. गळ परत आला तेव्हा त्याच्यावर अर्धं पीस लोंबत होतं. रांगेतली सगळी ओरडत होती. टोपीवाल्याने वहीत रेघ मारली. "नऊच झाले. दहापर्यंत तरंगली नाही. नापास."

"अहो, मासा घेऊन गेला ना!" मी ओरडले.

"नियम म्हणजे नियम. पुढचा या."

आत्या हलली नाही. गुडघाभर पाण्यात, रिंगच्या समोर, जिथून सगळ्यांना फेकायचं होतं बरोब्बर तिथे. "मी पास झालेय, साहेब. कार्ड लिहा, मग हलते."

"बाई, बाहेर या."

"तीस वर्षं मी रोज आठ तास एका जागी उभी राहते. तुमच्याकडे किती वेळ आहे?"

बाबा विजारीसकट आत उतरले आणि तिच्या डाव्या बाजूला उभे राहिले. मी उजव्या. पाणी हाडात शिरत होतं. रांगेत अकरा माणसं खोळंबलेली. आधी त्यांची कुरकुर आमच्यावर होती. मग तोच पहिल्या वर्षीचा, कपडे वाळत घालायला सांगणारा म्हणाला, "अहो, द्या की तिला! तुमच्या टोपीवरच्या सात माश्यांपैकी एकीला तरी कधी मासा लागलाय का?" सगळे हसले. टोपीवाला हसला नाही. पण त्याने वही उघडली, रेघेवर रेघ मारली आणि कार्ड लिहिलं, कागद फाटेल इतका पेन दाबून.

पुढच्या रविवारी आत्या वरच्या पाण्यात उभी होती. दिवसभर एक मासा लागला नाही. दुपारी पुलावरून ओव्हरटाइमवाल्यांना घेऊन कारखान्याची बस गेली, आणि खिडकीतून तिच्याच खात्यातल्या बायकांनी हात बाहेर काढून नुसता दंगा केला.

"आत्या, बस!" मी म्हटलं.

"जाऊ दे," ती म्हणाली. दोर मागे सरळ होत होता. तिने मान वळवली नाही.