वाटणीत गेलेलं कुलूप

थोरल्या दिरांबद्दल चांगलं लिहायला बसले तर एक ओळसुद्धा होणार नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहिते. हे कोणाला दाखवायचं नाही. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, कागदावर फुटतो.

बिरवाडीत आमचं छपाईचं दुकान होतं, दोघा भावांच्या सामाईकीतलं. छपाईचं यंत्र माझा नवरा चालवायचा. थोरले दीर गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना चहा सांगायचे. संगणकावर मजकूर मी टाईप करायचे. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, उत्तरकार्याची कार्डं एवढ्याला ते पुरतं. हात बसला की बोटं आपोआप पळतात. गिऱ्हाइकं म्हणायची, "मजकूर वहिनींकडेच द्या." दीर ते ऐकायचे आणि ऐकलं नाही असं दाखवायचे.

मराठी टाईप करायला एका कंपनीचा प्रोग्रॅम विकत घेतला होता. त्याच्यासोबत अंगठ्याएवढं एक राखाडी कुलूप आलं होतं. संगणकाच्या पाठीमागे, प्रिंटरची वायर लागते तिथे ते खोचायचं. ते असेल तरच प्रोग्रॅम उघडायचा. ते काढलं की आपणच टाईप केलेल्या पत्रिका इंग्रजी अक्षरांचा आणि कंसांचा कचरा होऊन समोर यायच्या. एकदा कंपनीचा माणूस आला होता. मी नवऱ्याकरवी विचारलं, काही अक्षरांना करंगळी फार ताणावी लागते, संध्याकाळी हात दुखतो, ती बटणं बदलून मिळतील का? तो हसला. म्हणाला, "ताई, कंपनीनं ठरवलं ते ठरवलं. बोटांना सवय लावा."

पुढे दिरांनी पोलादपूरला स्वतःचं दुकान काढायचं मनावर घेतलं आणि वाटणी मागितली. गावच्या घरी पडवीत भावकीतले बुजुर्ग बसले. त्यांनी आयुष्यभर भातखाचरं, वरकस जमिनी आणि फणसाची झाडं वाटलेली. दुकानालाही तीच रीत लावली. यंत्र आणि संगणक धाकट्याला, कागदाचा साठा, कटिंग मशीन आणि रोकड थोरल्याला. सगळं झाल्यावर दिरांनी खिशातून ते कुलूप काढलं.

"हे माझ्याकडं राहील. बिल माझ्या नावाचं हाय."

"काय हाय ते?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"टोपण."

"मग टोपणासाठी कशाला खोळंबा? राहू दे त्याच्याकडं."

मी दाराआड उभी होते. ते टोपण नव्हे हे मला माहीत होतं. नवऱ्यालाही माहीत होतं, पण तो पायाच्या अंगठ्याने सारवण उकरत बसला. थोरल्या दिरांशी धाकट्या सुनेने तोंडावर बोलायची आमच्यात रीत नाही, तेही माझ्याशी कधी थेट बोलत नसत. म्हणून मी दाराआडच राहिले. त्या दिवसापासून त्या माणसाचा चेहरा मला नको झाला.

त्यांनी हे कशासाठी केलं ते लवकरच कळलं. महाडहून त्यांनी एक जुना संगणक आणला, त्याला ते कुलूप लावलं, पण टाईप करणारं कोणी नव्हतं. मग जाऊबाई आल्या.

"तुला काय ते मजकुराचं कळतं गो. हे म्हणतात, पोलादपूरला रोजावर ये. एसटीचं भाडं पण देतील."

"आमचं दुकान हाय ना," मी म्हटलं.

"कसलं दुकान? मशीन उघडत नाय तुमचं. जिथं कुलूप तिथं काम."

त्या गेल्यावर नवरा म्हणाला, "लग्नं तोंडावर आली. मी कारखान्यात कंत्राटावर लागतो. तू जा तिकडं, हंगाम निघेल." म्हणजे ज्या माणसाने आमचं काम बंद पाडलं, त्याच्याच दुकानात मी रोजावर बसायचं आणि संध्याकाळी त्याच्या हातून मजुरी घ्यायची. मी भांडी आदळली.

मागच्या खोलीत आमचे भाडेकरू राहायचे. नवरा कारखान्यात, बायको लातूरकडची, संगणकाचा डिप्लोमा करून घरी बसलेली. भिंत पातळ, तिला सगळं ऐकू गेलं होतं. दुसऱ्या दिवशी ती एक सीडी घेऊन आली. कुठल्याशा मासिकासोबत फुकट मिळालेली.

"काकू, हे लिनक्स. विंडोजच्या जागी हे बसतं. याला कुलूपबिलूप काही नाही. बघू तरी बसवून."

"फुकटचं हाय?" माझा नवरा म्हणाला. "फुकटचं कधी चाललंय का?"

"मी दिलेली शेंगदाण्याची चटणी फुकटच होती काका. चालली की."

ती दुपारभर बसली. आमचा तो मरतुकडा संगणक, एक पत्रिका होईपर्यंत अडकून पडणारा, तो निमूट चालायला लागला. मराठी अक्षरं आली. पण जुना मजकूर कचराच दिसत होता. त्यासाठी ती महाडला इंटरनेटवर जाऊन आणखी एक लहानसा प्रोग्रॅम घेऊन आली. कंपनीच्या अक्षरांची साधी अक्षरं करणारा. कोणा अनोळखी माणसाने बनवून सगळ्यांसाठी ठेवलेला. तो लावला आणि आमच्या सगळ्या पत्रिका, घराण्यांच्या कुलदैवतांच्या ओळी, वाडीवाडीच्या मंडळांची नावं परत वाचता आली. रफार मात्र भलत्याच अक्षरावर जाऊन बसत. ते मी हाताने नीट केले.

मग तिने विचारलं, "तुमची बोटं कुठे जातात, दाखवा." मी दाखवलं. तिने एक फाईल उघडली, त्यात काही ओळी बदलल्या, आणि मला जिथे पाहिजे तिथे ती अक्षरं आली. चहा निवायच्या आत झालं. कंपनीच्या माणसाचा खरा राग मला तेव्हा आला. एवढंच होतं तर. एवढ्यासाठी इतकी वर्षं माझा हात दुखला आणि वर तो हसला होता.

सगळंच छान होतं असं नाही. अक्षरं फार साधी होती. एक वधूपिता म्हणाला, "ही पत्रिका हाय का तलाठ्याची नोटीस?" मग वेलबुट्टीची चौकट घातली, गणपती मोठा केला, तेव्हा तो गेला. पण काम अडलं नाही. तो हंगाम आम्ही आमच्या दुकानात काढला. मी पोलादपूरच्या गाडीत बसले नाही.

पुढे दिरांचा जुना संगणक बंद पडला. नवा आणला तर त्याच्या पाठीमागे ते कुलूप खोचायला जागाच नव्हती. कंपनी म्हणाली, नवीन प्रोग्रॅम घ्या, पूर्ण किमतीला. मग एका दुपारी दीर आणि जाऊबाई दोघं आमच्या दुकानात. दीर नेहमीप्रमाणे माझ्याकडे न बघता नवऱ्याशी बोलले.

"ते फुकटचं तुझ्याकडं हाय म्हणतात. मशीन सामाईक होतं तेव्हाचं. निम्मा हिस्सा माझा."

"ते नंतर टाकलंय दादा."

"मशीन तेच ना?"

भाडेकरीण दारात उभी होती, तिने तोंडाला पदर लावला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "निम्मा कशाला भावोजी? सगळंच घ्या. माझं काय कमी होत नाय."

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, जणू तोच बोलला. मी भाडेकरणीला सीडीची नक्कल करायला सांगितली. मला द्यायची नव्हती, खरं सांगते. पण घेतली तेव्हाच तिने सांगितलं होतं की ही कोणी मागितली तर अडवायची नाही, त्याच अटीवर ती सगळ्यांना मिळते. अट नसती तर मी त्यांना दारातूनच परत पाठवलं असतं. सीडी मी जाऊबाईंच्या हातात दिली, दिरांच्या नाही.

जाऊबाईंनी ती पिशवीत टाकली आणि लगेच म्हणाल्या, "आता चार दिवस ये गो. आमच्या सुनेला शिकव. आलीसच तर लग्नं होईपर्यंत बस तिथं."

"नाय येणार."

"घरचीच ना तू?"

"त्यात शिकायचं पुस्तक पण हाय. सुनेला वाचायला सांगा. मी तुमच्या दुकानाची पायरी चढणार नाय."

"बायकोला आवर," दीर नवऱ्याला म्हणाले.

नवरा म्हणाला, "चहा घ्या, दादा." एवढंच. मला आत करायला सांगायची हिंमत त्याला झाली नाही, समोरच्या टपरीवरून मागवला. दोघं शेवटच्या घोटापर्यंत प्याले आणि गेले. आता पोलादपुरात ते सांगतात की हे सगळं त्यांनी स्वतःच्या डोक्याने बसवलं. सांगोत.

मी खुर्चीत बसून शिवथरकडच्या एका लग्नाचा मजकूर पुढे घेतला. उष्टे कप टेबलावर तसेच होते. मी हात लावला नाही. बऱ्याच वेळाने नवऱ्याने ते उचलले.