अम्मांना वाचून दाखवलेले दिनविशेष

माझं डायलिसिस सुरू झालं तेव्हा शेजारची खाट अम्मांची होती. त्या कुंभारीहून यायच्या. सगळा जन्म विड्या वळण्यात गेलेला. घरात तेलुगू, आमच्याशी सोलापुरी मराठी. नर्सपासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना अम्माच म्हणत, म्हणून मीही. आठवड्यातून तीन सकाळी आम्ही दोघी सात रस्ता चौकाजवळच्या त्या दवाखान्यात चार-चार तास पडून असायचो. सुया टोचलेला हात हलवायचा नाही. दुसऱ्या हातानं मी पेपर चाळायची.

“काय वाचलालाव ओ ताई?” त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

“दिनविशेष. आजच्या तारखेला पूर्वी जगात काय काय झालं, ते.”

“मग मोठ्यानं वाचा की. मला मराठी वाचाय येत न्हाय.”

पुढाऱ्यांचे जन्म आणि मृत्यू त्यांना नको असत. “ते जाऊ द्या. दुसरं काय झालतं?” मग मी खालची चौकट वाचायची. तिथं जगातल्या चमत्कारिक गोष्टी यायच्या. ऑस्ट्रेलियात एमू पक्षी गव्हाची नासाडी करत होते म्हणून सरकारनं मशिनगन देऊन सैनिक पाठवले. पक्षी नुसते पळत राहिले आणि शेवटी सैन्यच माघारी आलं. हे ऐकून अम्मा इतक्या हसल्या की त्यांचा हात हलला, मशीन ओरडायला लागलं आणि सिस्टर धावत आली. क्युबात सिगार वळणारे कामगार आपल्या पगारातून एक वाचणारा ठेवायचे, हातानं काम चालू आणि कानावर पेपर, कादंबऱ्या. ते ऐकल्यावर म्हणाल्या, “आमच्यात एक बाई पिक्चरची गोष्ट सांगायची. पानं कवा संपायची, कळायचं न्हाय.”

उन्हाळा लागला तसं आमचं बोलणं कमी झालं. आम्हाला दिवसाला मोजकं पाणी. बाहेर सोलापूरचं ऊन आणि तोंडात नुसता खडखडाट. एकदा चौकटीत अमेरिकेतल्या वाळवंटातल्या उंदराची माहिती आली. तो जन्मभर पाणी पीत नाही, बियांतून मिळतं त्यावरच भागवतो. मला वाटलं, हसतील. अम्मा म्हणाल्या, “उंदीर हाय म्हणून भागतंय.”

नंतर एक दिवस लायकाची गोष्ट आली. रशियानं यानात बसवून आकाशात पाठवलेली कुत्री. अम्मांनी विचारलं, “खाली कवा आणली तिला?”

“आणली नाही. आणायची सोयच केली नव्हती.”

“तिला ठाऊक होतं?”

“तिला कसं ठाऊक असेल, अम्मा?”

 सिस्टर रक्तदाब बघायला आली तेव्हा अम्मा तिला म्हणाल्या, “माझं हे बंद कवा हुतंय, सांग की.” सिस्टर चांगली मुलगी होती. तिनं त्यांच्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाली, “अम्मा, हे चालूच ठेवायचं असतं.” अम्मांचं वय आणि हृदय बघून किडनी बदलायचा विषय डॉक्टरांनी आधीच संपवला होता. हे त्यांच्या मुलाला माहीत होतं. त्यांना बहुतेक त्या सकाळी कळलं.

पुढचे काही आठवडे त्या आल्या. मग एका शनिवारी, सुया काढून झाल्यावर, हातावर कापूस दाबून धरत त्यांनी मला सांगितलं, “ताई, मी आता येत न्हाय.”

“असं कसं? मुलाला सांगितलंत?”

“सांगितलं. रडला. मग व्हय म्हणाला.” कापूस उचलून बघत म्हणाल्या, “दारात बसायचंय ओ मला. लोकं येता-जाता दिसतात.”

मी खूप बोलले. श्वास लागेल, अंगावर सूज येईल, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चपला घातल्या.

पुढच्या आठवड्यात, डायलिसिस नसलेल्या दिवशी, मी रिक्षा करून कुंभारीला गेले. विडी कामगारांची वसाहत, सारखी घरं, सारखे दरवाजे. विचारत विचारत पोचले. अम्मा दारातल्या खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. चेहरा सुजलेला, डोळे जेमतेम उघडत होते. सून वारा घालत होती. मला बघून त्यांनी खाटेवर जागा करायचा प्रयत्न केला. बोलायला दम पुरत नव्हता. मी पेपर नेला नव्हता आणि न्यायला हवा होता असंही वाटलं नाही. समोर दोन पोरी दोरीवरच्या उड्या मारत होत्या, अम्मा त्यांच्याकडं बघत होत्या. मी त्यांचा हात हातात घेऊन बसले. सुयांसाठी शीर जोडून केलेल्या फिस्टुलाच्या जागी रक्त अजून थरथरत वाहत होतं, बोटांना जाणवत होतं.

दोन दिवसांनी गेल्या. दवाखान्यात सिस्टरनंच सांगितलं. तिनं तोवर खाटेवरची चादर बदलली होती. त्या खाटेवर आता एक गृहस्थ येतात, कानात हेडफोन घालून झोपतात. मी पेपर न्यायचा सोडला.

सिस्टरनं सांगितलं त्या संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, “मीही जायचं थांबवलं तर?”

ते स्वयंपाकघरात मेथी निवडत होते.  मान वर न करता म्हणाले, “शनिवारची रिक्षा सांगितलीये मी. साडेसहाला येईल.”

शनिवारी रिक्षा आली. मी गेले.