उलाळ गाडीचं जू

नोकरीत मी पुष्कळ मढी पाहिली आणि बरीचशी विसरलोही. कोरेगाव तालुक्यातल्या त्या फौजी पोराचं प्रकरण मात्र डोक्यातून जात नाही. त्यात एक आई अक्षर न् अक्षर खरं बोलत होती आणि त्या खऱ्यामुळेच तिचा दुसरा मुलगा फासाकडे चालला होता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीहून बदली होऊन मी तिथं फौजदार म्हणून नुकताच आलो होतो. ऊसतोडीचा हंगाम होता. सकाळची हजेरी चालू असताना एक माणूस सायकल दामटत ठाण्यात आला. "सायेब, लवकर चला. माझ्या शेजारचा धाकला मेलाय. सुट्टीवर आल्याला फौजी. काल जेवायच्या वक्ताला धडधाकट व्हता, सकाळी बघत्यात तर मेल्याला. कालच थोरल्या भावासंगं इहिरीच्या पाण्याच्या पाळीवरनं लय भांडण झाल्यालं. आन् आता घाईघाईनं सरपण रचाय लागल्यात."

आम्ही पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. बांधलेली तिरडी सोडायला लावणं हे पोलिसाच्या नोकरीतलं सगळ्यात ओंगळ काम. शिव्याशाप खाल्ले, पंचनामा केला आणि प्रेत दवाखान्यात पाठवलं. वरून जखम दिसत नव्हती. पण डॉक्टरांनी कवटी उघडली तेव्हा उजव्या कानाच्या वर हाडाला चीर आणि आत रक्ताचा मोठा गोळा निघाला. बोथट वस्तूचा मार, असा अहवाल आला.

आईचा जबाब मी स्वतः घेतला. विधवा बाई, दोनच मुलं. ती म्हणाली, "सांजच्याला हसत खेळत व्हता. पोटभर जेवला. मग सोप्यात थोरल्याशेजारी जाऊन पडला."

कवटी तडकलेला माणूस हसत बसून भाकरी खाईल का? म्हणजे घाव जेवणानंतर, झोपेत बसला. सोप्यात थोरल्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं, आणि भांडण तर अख्ख्या गावानं ऐकलं होतं. थोरल्याला खुनाच्या गुन्ह्यात अटक झाली.

चौकशीत तो एकच सांगायचा, "मी मारला न्हाई." समजावलं, दरडावलं, उत्तर तेच. लॉकअपमधला माणूस सहसा स्वतःची काळजी करतो. जामीन कधी, वकील कोण, हे विचारतो. हा हवालदाराला विचारायचा, "बैलास्नी कुणी पाणी दावलं का?" ते मला खटकत होतं. पण नुसत्या खटकण्यावर केस सुटत नसते.

आई रोज भाकरी बांधून ठाण्यात यायची. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, धाकटा जेवेपर्यंत ठणठणीत होता, या तुमच्या जबाबावरच थोरला अडकलाय. पुन्हा नीट आठवून बघा."

"दुसरं काय आठवू? त्येच झालं. मग आता खोटं सांगू व्हय, सायेब?"

मी जबाबाचा कागद तसाच फायलीत ठेवला.

सांगलीला असताना एका डॉक्टरांनी आमच्या नाकीनऊ आणले होते. मोठ्या रुग्णालयात असायचे आणि डोक्याच्या मारावर संशोधन करायचे. कुपवाडकडच्या कारखान्यात कोणी पडो की रस्त्यावर सायकलवाला उडो, स्वारी प्रश्न घेऊन ठाण्यात हजर. मार लागल्यावर तो बोलला का, उलटी झाली का, झोपला कधी? आम्ही मागून हसायचो, मेलेल्याच्या झोपेची चौकशी करणारा डॉक्टर म्हणून. आता त्यांचीच आठवण झाली. अहवालाची नक्कल घेतली आणि एस.टी.नं सांगली गाठली.

त्यांनी टेबलावरची कवटी माझ्या हातात दिली आणि खिडकीकडे धरायला सांगितली. कानाच्या वरचं हाड पापडासारखं पातळ. पलीकडचा उजेड दिसत होता.

"याच्या आतल्या अंगानं रक्तवाहिनी जाते," ते म्हणाले. "हाड तडकलं की ती फुटते. माणूस जरा वेळ गांगरतो, मग उठतो, बोलतो, जेवतोसुद्धा. आत रक्त साठत जातं आणि मेंदू दबत जातो. काही तासांनी त्याला झोप लागते. ती झोप नसते, फौजदार, ती बेशुद्धी असते. असे रोगी मी पाहिलेत. वेळेवर उघडलं तर काही वाचतातही. तुम्ही घाव रात्री शोधताय, तो दिवसा शोधा. आणि घरच्यांना विचारा, तो घोरत होता का."

परत येऊन मी लॉकअपसमोर बसलो. "भांडणाच्या दिवशी, उजेड असताना, भावाला कुठं मार लागला होता का?"

"मार न्हाई लागला. जू लागलं व्हतं. पर त्येला काय मार म्हणायचा?"

त्यानं सांगितलं ते असं. गाडीत वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या शेंड्यांचे, भारे मागे जास्त भरले होते, गाडी उलाळ झाली होती. अशा गाडीचे बैल सोडताना मागच्या ओझ्यानं जू वर उसळतं. म्हणून एकानं हाळी द्यायची आणि दोघांनी जू दाबून धरून एकदम सोडायचं, ही रीत. पण सकाळच्या भांडणानं दोघांचा अबोला होता. थोरल्यानं हाळी न देताच आपल्या बाजूचा बैल सोडला. जू उसळलं आणि वाकलेल्या धाकट्याच्या कानावर बसलं. तो मटकन खाली बसला. बैल समोर उभे असताना "बैल कुठं हायत?" म्हणाला. मग उठला. दोघंही हसले आणि त्या हसण्यात भांडण मिटलं.

खबर देणाऱ्या शेजाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, "व्हय की. मी तितंच व्हतो. मीच म्हणलो, फौजेत न्हाई पडलास आन् जुवानं पाडलं व्हय रं, गड्या?"

"मग त्या दिवशी ठाण्यात का नाही सांगितलंस?"

"आवं सायेब, त्यो उठून हसला की. त्यात काय सांगायचं?"

उरली आई. विचारणं भाग होतं. "मावशी, तो झोपेत घोरत होता का?"

"लय घोरत व्हता. कवा घोरायचा न्हाई. थोरला म्हणत व्हता, हलवू का? मीच आतनं म्हणलं, दमून आलंय लेकरू, झोपू दे." बोलता बोलता ती थांबली. "सायेब, ती झोप न्हवती?"

"थोरला सुटेल, मावशी," मी म्हणालो.

तिला कळायचं ते कळलं. रडली नाही. भाकरीचं फडकं घडी करत म्हणाली, "व्हय. त्यो तरी सुटू दे."

डॉक्टरांनी लेखी मत दिलं, शेजाऱ्याचा जबाब जोडला, थोरला सुटला. कागदोपत्री अकस्मात मृत्यूची नोंद झाली. खोटा जबाब कसा पकडायचा हे आम्हाला शिकवलेलं असतं. खऱ्या जबाबातून खोटा अर्थ निघू शकतो, हे या केसनं शिकवलं. पुढे डोक्यात मार खाऊन कोणी "मला काय झालं न्हाई" म्हणाला, की मी त्याला आधी दवाखान्यात धाडायचो. लोक हसायचे. हसू देत.

काही वर्षांनी कोरेगावच्या बाजारात थोरला भेटला. आई कशी आहे, विचारलं.

"हाय. पर मला झोपू देत न्हाई, सायेब. जरा घोराय लागलो की हलवून उठवती. नाव सांग म्हणती."

"मग?"

"सांगतो की. कवा कवा धाकल्याच्या नावानं हाक मारती." त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तवाबी ओ देतो."