सिग्नलला बंद पडणारी गाडी

जेलरोडला आमच्या शेजारी कारभारी नाना राहतात. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात त्यांनी उभी हयात साहेब लोकांची जीप चालवली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या बोलण्यातली जीप काही अजून रिटायर झालेली नाही. तुम्ही पोटदुखीचा विषय काढा, नाना दोन वाक्यांत तो गिअरबॉक्सवर आणून ठेवतात. माणूस मनाने सरळ, पण गाडीतलं आपल्याइतकं दुसऱ्या कुणाला कळत असेल यावर त्यांचा विश्वास नाही. मला त्यांचा राग यायचा तो एवढ्यासाठीच. त्यांच्या सुनेचे हाल मी कुंपणापलीकडून पाहिले आणि तो राग वाढला.

सून म्हणजे योगिनी. शिकलेली नर्स. गेल्या वर्षी तिला वणीच्या पुढे एका आरोग्य उपकेंद्रात नोकरी लागली. नवरा दिनेश सातपूरला कंपनीत शिफ्टमध्ये, मुलगी इथल्या शाळेत, त्यामुळे घर हलवणं शक्य नव्हतं. वणीपर्यंत एसटी मिळते, पण फाट्यापासून आत गावात जायला काही मिळेल याचा भरवसा नाही. तेव्हा गाडी चालवत जायचं, नाहीतर नोकरीवर पाणी सोडायचं. घरात नानांची जुनी, पांढरी, पेट्रोलवरची गाडी होतीच. योगिनीने ड्रायव्हिंग स्कूल लावलं, लायसन्स काढलं, आणि मग घरच्या गाडीवर हात बसवायला म्हणून नाना स्वतः तिच्या शेजारी बसू लागले.

तिथून तिची परवड सुरू झाली. मोकळ्या रस्त्यावर गाडी छान पळायची, पण सिग्नलला थांबली की बंद. नाना सांगायचे, "रेसवरचा पाय पूर्ण काढायचा, क्लच दाबायचा, ब्रेक धरायचा. बस." ती बिचारी अगदी तस्संच करायची. मग आरपीएमचा काटा खाली घसरायचा, दचकून वर यायचा, परत घसरायचा, इंजिन थरथरायचं आणि गप्प व्हायचं. एसी चालू असेल तर थरथरायलाही सवड नाही, एक गचका की संपलं. सकाळी थंड गाडी तर रेस दिल्याशिवाय धरायचीच नाही. एकदा बिटको चौकात हिरवा दिवा लागून पुन्हा लाल झाला, तरी ही आपली किल्लीच फिरवतेय. मागच्या रिक्षांनी हॉर्न वाजवून नुसता वात आणला.

"क्लच सोडती ती," नाना गल्लीभर सांगत सुटले. "पाय लय जड हाय तिचा."

"नाना, क्लच पूर्ण दाबलेला होता," योगिनी म्हणायची. "आणि स्कूलच्या गाडीत असं कधी झालं नाही."

"तिथं मास्तरच्या पायाखाली पण क्लच असतो, पोरी. तुला वाटतं तू चालवती, चालवतो तो."

तरी धीर करून तिने एकदा गाडी गॅरेजला दाखवू या म्हटलं. नानांनी चपला काढून दाराशी ठेवल्या. ते गाडी कायम अनवाणीच चालवतात. एक तर गाडी म्हणजे लक्ष्मी, आणि दुसरं म्हणजे इंजिन काय म्हणतंय ते तळपायाला कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. तर ते अनवाणी बसले, उपनगरपर्यंत चक्कर मारून आले, आणि गाडी एकदासुद्धा बंद पडली नाही. "ठणठणीत हाय," त्यांनी निकाल दिला. दिनेशनेही मग वडिलांचंच खरं मानलं.

हळूहळू योगिनीच्याही मनाने घेतलं, की आपल्याला हे जमणारं नाही. लांबून सिग्नल दिसला की तिचा हात आधीच किल्लीकडे जायचा. रोजच्या वाटेवर घाट नव्हता, पण दिंडोरी रोडची सगळी गर्दी कापत जायचं, वाटेत ट्रॅक्टर, भाजीच्या पिकअप, आणि आपली गाडी मध्येच बंद पडणारी. शेवटी तिने ठरवलं, सोमवारी फोन करून नोकरीला नकार कळवायचा. लंकाबाईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, हे मला कुंपणाशी येऊन सांगितलं.

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, नानांच्या पुतणीचा साखरपुडा होता, दिंडोरी रोडवरच्या एका लॉन्सवर. दिनेशने वडिलांना नवे काळे बूट आणले होते. नाना म्हणाले, तिथे पोचल्यावर घालतो. लंकाबाई म्हणाल्या, "तिथं व्याह्यांसमोर वाकून नाड्या बांधत बसणार का? घरूनच घाला." बायकोपुढे नानांचं चालत नाही. बूट घालून ते स्टिअरिंगवर बसले. लंकाबाई शेजारी, योगिनी मागे.

दत्तमंदिरच्या सिग्नलला गाडी बंद पडली. नानांनी पेट्रोलला नावं ठेवली. पुढच्या सिग्नलला पुन्हा बंद पडली, तेव्हा हवेला नावं ठेवली. द्वारका चौकात भर गर्दीत तिसऱ्यांदा बंद पडली.

"आता कुणाचा क्लच सुटला?" लंकाबाईंनी शांतपणे विचारलं.

मागच्या सीटवर योगिनी हसली नाही. तिला म्हणे रडूच येत होतं.

नानांनी बूट काढून लंकाबाईंच्या मांडीवर ठेवले, पैठणीवर, आणि अनवाणी निघाले. निमाणीच्या सिग्नलला गाडी थांबली आणि चालू राहिली. आता मात्र नानांनी मान खाली घालून स्वतःच्या उजव्या पायाकडे पाहिलं. टाच ब्रेकवर होती आणि पाऊल तिरकं होऊन बोटं रेसवर टेकली होती, हळूच दाबत होती. जुन्या जीपला थांबल्यावर सतत थोडी रेस द्यावी लागायची. ती सवय पायात इतकी मुरली होती, की नानांना तिचा पत्ताच नव्हता. नव्या बुटाच्या रुंद टोकाला तेवढं जमलं नव्हतं, इतकंच. त्यांनी बोटं उचलली. काटा घसरला, इंजिन थरथरलं आणि बंद पडलं. पुन्हा चालू केलं, बोटं टेकवली, चालू राहिलं. उचलली, बंद. सिग्नल सुटला, मागून शिव्या आल्या, लंकाबाईंना वाटलं नवऱ्याचं डोकं फिरलं.

नानांनी गाडी कडेला घेतली आणि मागे वळले. "पोरी, तुझं काहीच चुकत नव्हतं. मी सांगत होतो तसं तूच करत होती. मी करत नव्हतो."

योगिनीने पदर तोंडाला लावला आणि मनसोक्त रडून घेतलं. लंकाबाई म्हणतात, इतकं हलकं रडणं त्यांनी दुसरं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्या सहादू मिस्त्रीने बॉनेट उघडलं. आधी कुठला पाइप फुटून हवा खातोय का ते पाहिलं, मग म्हणाला, "आयडलचा व्हॉल्व्ह दिसतोय." रेसवरचा पाय काढला की इंजिनाची हवेची मोठी वाट बंद होते. तेव्हा ते जिवंत राहण्यापुरती हवा या छोट्या व्हॉल्व्हमधून येते. त्यात काजळी बसून तो अडकला, की काटा नाचतो, थांबल्यावर गाडी बंद पडते, एसीचा भार तिला सोसत नाही, सकाळी ती रेस मागते. ही सगळी लक्षणं योगिनी कधीपासून सांगत होती. सहादूने व्हॉल्व्ह साफ करून पाहिला, भागलं नाही, म्हणून नवा बसवला. नोकरीला नकार कळवायचा फोन त्या सोमवारी झालाच नाही, आणि नानांनी संध्याकाळी आमच्या गल्लीत घरोघरी जाऊन आपली चूक सांगितली. माझ्याकडे आले तेव्हा मी चहा दिला. माझा राग तेवढ्यावर उतरला, हेही सांगून टाकतो.

कामावर रुजू व्हायच्या दिवशी नाना सोबत गेले. दिंडोरी मागे पडली, द्राक्षांच्या बागा लागल्या, आणि शेजारून आवाज येईना म्हणून योगिनीने पाहिलं तर नानांची मान खिडकीला टेकलेली. ती घाबरली. गाडी कडेला घेऊन तिने लंकाबाईंना फोन लावला.

"आई, नाना झोपलेत. त्यांना बरं नाही का?"

लंकाबाई म्हणाल्या, "झोपू दे गं. लग्न झाल्यापासून पाहते, दुसऱ्या कुणाच्या हातात गाडी असली की त्यांचा डोळा लागत नाही. पोराच्या हातात असली तरी नाही."

योगिनीने फोन हळूच खाली ठेवला आणि नानांकडे पाहिलं. इंजिन एका सुरात चालू होतं, आणि तिचा पाय रेसवर नव्हता.