ट्रकच्या केबिनमध्ये मावेल एवढं

रविवारी सकाळी रायपूरला माझी नोकरीची परीक्षा होती. शनिवारी वरठी स्टेशनवरून गाडी पकडायची, म्हणून मी गुरुवारीच ट्रॉली बॅग भरून दारामागे उभी करून ठेवली होती. शनिवारी सकाळी मोबाइलवर मेसेज आला, गाडी रद्द. त्यानंतरच्या दोन गाड्यांचीही तीच गत. आमच्या लाखनीच्या स्टॉपवर रायपूरची बस थांबेलच, असा भरवसा नव्हता. मी पायरीवर जाऊन बसले. रडू यायचंच बाकी होतं.

बाबा अंगणात तोंड धूत होते. ते ट्रक चालवतात. राइस मिलमधला कोंडा भरून तेलाच्या कारखान्यांना पोचवतात. महिन्यातले वीस दिवस घराबाहेरच. तोंड पुसत ते म्हणाले, "मी दहा वाजता रायपूरलेच गाडी काढून राहिलो. येते का?"

मी चोवीस वर्षांची होते आणि त्यांच्या ट्रकनं कधी गावाबाहेर गेले नव्हते. आई आतून म्हणाली, "पोरीले ट्रकमधी नेता काय?"

"बापासंगंच तर येऊन राहिली," बाबा म्हणाले आणि तो विषय तिथंच मिटला.

त्यांनी माझी ट्रॉली एका हातानं उचलून पाहिली. "हे कुठं ठेवू? मांगं पूर्ण माल आहे. सीटमांगं एक पिशवी राहते, तेवढीच जागा."

मी खोलीत जाऊन बॅग पलंगावर उलटी केली. चार ड्रेस, दोन जोडी चपला, चादर, तीन जाडजूड गाइड, फराळाचे डबे. दोन दिवसांसाठी हे सगळं मला अगदी गरजेचं वाटलं होतं. काय काढावं ते सुचेना, म्हणून मी बाबांना हाक मारली. त्यांनी स्वतःची पिशवी आणून माझ्यासमोर रिकामी केली. एक लुंगी, एक शर्ट, दुपट्टा, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली साबणाची वडी, तापाच्या गोळ्या. आणि दांडी अर्धी कापलेला ब्रश. ही पिशवी मी खुंटीवर शेकडो वेळा पाहिली होती, आत काय असतं ते कधी बघितलं नव्हतं.

"ब्रश काहून कापला?"

"टोचते. पिशवी डोक्याखाली घेऊन झोपतो ना."

एक ड्रेस, टॉवेल, हॉलतिकीट, पेन एवढं मी बाजूला काढलं. गाइड हातात घेऊन त्यांच्याकडे पाहिलं, तर ते म्हणाले, "त्यातलं मले नाही समजत, बाई. ते तू पाह्य." मी गाइड ठेवून दिली आणि सूत्रांची वही घेतली. आईनं वरून पोळ्या आणि वांग्याची सुकी भाजी दिली.

केबिनमध्ये बसल्यावर रस्ता खूप खाली दिसतो. घरी चारच शब्द बोलणारे बाबा स्टेअरिंगवर भरभरून बोलू लागले. कुठल्या ढाब्यावर पाणी चांगलं, कुठल्या वळणावर गुरं आडवी येतात, सगळं सांगत होते. साकोलीनंतर जंगल लागलं तशी त्यांनी गाडी हळू केली. मी वही उघडली होती, पण वाचलं काहीच नाही.

देवरीच्या थोडं अलीकडे माझ्या पोटात दुखायला लागलं. पाळी चार दिवस आधीच आली होती. पॅडचं पाकीट ट्रॉलीत होतं आणि सकाळच्या घाईत ते पलंगावरच राहिलं होतं. शेवटी मी म्हणाले, "बाबा, मेडिकल दिसलं तर थांबवा."

"डोकं दुखते का? गोळी आहे माह्याजवळ."

"नाही. मलाच जावं लागेल."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा नजर रस्त्यावर नेली. देवरीत मेडिकलसमोर गाडी उभी केली. मी कागदात गुंडाळलेलं पाकीट घेऊन परत आले, तेव्हा म्हणाले, "पुढं पंपावर साफ बाथरूम आहे. तिथं थांबतो." पंपावर त्यांनीच ऑफिसातून किल्ली मागून आणली आणि मी आत असेपर्यंत दुसरीकडं तोंड करून थोड्या अंतरावर उभे राहिले.

निघाल्यावर तेच म्हणाले, "लग्न झाल्यावर तुह्या मायले एकदा गाडीत नेलं होतं. तिलेही असंच झालं. ती काही बोलली नाही आन् मलेही समजलं नाही. दिवसभर तशीच बसली बिचारी. घरी आल्यावर मले समजलं." गिअर बदलत म्हणाले, "तू सांगितलं, बरं केलं."

मी मान हलवली. डबा उघडून पोळीत भाजी गुंडाळली आणि त्यांच्या हातात दिली. एका हातानं गाडी चालवत त्यांनी ती खाल्ली.

रायपूरला पोचेपर्यंत दिवस मावळायला आला होता. ट्रक शहरात नेता येत नव्हता. तिथं राहणारी आईची चुलत बहीण मला घ्यायला रिंगरोडवर आली. बाबा कारखान्याकडे गेले, रांगेत गाडी लावायला.

दुसऱ्या दिवशी पेपर सुटल्यावर बाहेर आले, तर ते गेटसमोरच्या झाडाखाली उभे होते. धुतलेला शर्ट अजून ओलसर होता. माल उतरायला वेळ होता, म्हणून ऑटोनं आले होते.

"कसा गेला?"

"गणित राहिलं थोडं."

"खाऊन घे आधी."

त्या परीक्षेत माझी निवड झाली नाही. निकाल लागला त्या दिवशी बाबा ओडिशात होते. मी फोनवर सांगितलं. मागून हॉर्न ऐकू येत होते. ते म्हणाले, "दुसरा फॉर्म भर. सेंटर कुठं येते ते आधी सांगजो, तिकडचाच माल घेतो." पुढच्या वर्षी सेंटर नागपूरला आलं आणि मी बसनं एकटीच गेले. त्या खेपेला माझं नाव निवडयादीत होतं.